आर्क्टिकच्या मातीतला आमचा वाटा

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे. साडेपाचला लाईट जाणार, आमच्याकडं इन्व्हर्टर नाही, आणि उद्या दसरा म्हणजे घरभर पाहुणे आणि कॉम्प्युटरवर माझा भाऊ. म्हणून धडाधडा टाईप करतेय, शुद्धलेखन बघू नका. मी आत्ताच राजारामपुरीतनं कॉकटेल खाऊन आलेय. बाहेरगावच्यांसाठी सांगते, कोल्हापुरात कॉकटेल म्हणजे आईस्क्रीम. ग्लासात फळं, जेली, काजूबदाम, त्यावर आईस्क्रीमचे गोळे, आणि सगळ्यात वर एक लालभडक चेरी. ह्या चेरीवर पुढं येते. आधी कांबळे मॅडम.

(नावं बदललीत. दुकान कुठल्या गल्लीत ते विचारू नका.)

कांबळे मॅडम आम्हाला एमएस्सीला मायक्रोबायॉलॉजी शिकवतात. मूळच्या जयसिंगपूरच्या. वडील एसटीत ड्रायव्हर होते. आवाज असा, की शेजारच्या वर्गातली पोरं म्हणायची आम्ही तुमच्या मॅडमच्या नोट्स काढतो, आमचे सर ऐकू येत नाहीत. मोपेडवर येतात, हेल्मेट घालून, तेही कोल्हापुरात हेल्मेट घातलेला माणूस दिसला की लोक वळून बघायचे तेव्हापासून. आणि डिसेंबर लागला की डिपार्टमेंटमध्ये पहिला स्वेटर मॅडमचा. वर कानटोपी. आता ही बाई आर्क्टिकला जाऊन आलीय! संग्राम म्हणजे आमच्या वर्गातला आगाऊ. तो एकदा म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कोल्हापुरात थंडी वाजती व्हय?"

मॅडम म्हणाल्या, "वाजते. तिथं खोल्या उबदार असतात. माझ्या घरात खिडकीची फट आहे."

झालं. असं सगळं. कुठल्याही गोष्टीतली हवा काढायची तर मॅडमकडं न्यावी.

नॉर्वेच्या वर समुद्रात स्वालबार्ड म्हणून बेटं आहेत. तिथं बऱ्याच देशांचे शास्त्रज्ञ एकत्र काम करतात आणि त्यातल्या एका टीममध्ये मॅडम होत्या. परत आल्यावर आम्ही अख्खा वर्ग त्यांच्याभोवती. अस्वल बघितलं का?

"नाही. बाहेर पडताना एक माणूस बंदूक घेऊन आमच्या मागं उभा असायचा, अस्वलासाठी. त्या माणसाला बघितलं."

रात्र होतच नाही म्हणे?

"सूर्य मावळत नाही, हे खरं. पण पडदे असतात."

मग तिथं मजा काय केली?

ह्यावर जरा विचार करून म्हणाल्या, "भडंग संपलं." जयसिंगपूरचं भडंग नेलं होतं, ते त्या बंदूकवाल्यानं संपवलं. मुठीमुठीनं खायचा आणि डोळ्यांतनं पाणी काढत परत हात पुढं करायचा. आर्क्टिकची एवढीच काय ती कथा.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. प्रॅक्टिकलला कुणी काही सांगायला लागलं की, "दिसलं ते लिही, वाटलं ते घरी ने." एकदा संग्रामनं काचेच्या ताटलीत जिवाणूंच्या वसाहती मोजायचा कंटाळा केला आणि पुस्तकातला आकडा तसाच्या तसा उतरवला. मॅडमनी ताटली उजेडाला धरली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, "संग्राम, पुस्तकातल्या जिवाणूंना तुझ्या ताटलीचा पत्ता कुणी दिला रे?" रागावल्या नाहीत. परत करायला लावलं, एवढंच. त्याचं दुसऱ्यांदाचं उत्तर पुस्तकापेक्षा बरंच वेगळं आलं, आणि त्याला मार्क चांगले पडले. ह्याचा त्याला आजही धक्का आहे.

जयसिंगपूरचा सत्कार तर मी डोळ्यांनी बघितलाय. आम्ही सगळे एसटीनं गेलतो. मोठा फ्लेक्स होता, मॅडमचा फोटो, मागं पांढरं अस्वल, वर लिहिलेलं, ‘उत्तर ध्रुव सर करणारी आपली लेक’. शाल, नारळ, फेटा, सगळं झालं. एका पुढाऱ्यानं माईकवर सांगितलं, की मॅडमनी ध्रुवावर पाय ठेवून जयसिंगपूरचं नाव तिथं कोरलंय. टाळ्या थांबेनात. मॅडमचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणतात, ते पहिल्या रांगेत पांढऱ्या शर्टात ताठ बसलेले.

मॅडम उठल्या. फेटा सावरला. म्हणाल्या, "एक दुरुस्ती आहे. मी उत्तर ध्रुवावर गेले नव्हते. ध्रुव तिथनं अजून बराच वर आहे. आणि मी काही कोरलं नाही, तिथं कोरायला परवानगी नसते."

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. नंतर चहाच्या वेळी आबा त्यांना म्हणत होते, "आगं, एक दिस गप बसली असतीस तर ध्रुव काय खाली पडला असता व्हय?"

"आबा, खोटं होतं ते."

"त्यास्नी कुटं म्हाईत होतं?"

"मला माहीत होतं की."

हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता माती. मॅडम तिथनं माती घेऊन आल्या होत्या, गोठलेली. तिकडं जमिनीच्या खाली हजारो वर्षं गोठून राहिलेली माती असते, तिच्यात जुनी मुळं, जुना पाला आणि झोपलेले जिवाणू. जग तापतंय तशी ती वितळायला लागलीय. आम्हाला समजावताना मॅडम म्हणाल्या, "रविवारचा मटणाचा रस्सा फ्रीजमध्ये आहे आणि लोडशेडिंग लांबलं. काय होतं?"

"वास येतो," सगळे एका आवाजात. कोल्हापुरात हे शिकवावं लागत नाही.

"वास म्हणजे जिवाणू जेवायला बसले. तिकडंही तेच. माती वितळली की ते जागे होतात, जुना पाला खातात आणि गॅस सोडतात. त्या गॅसमुळं हवा अजून तापते. मग अजून माती वितळते. किती गॅस, किती वेगानं, हे आपल्याला मोजायचंय."

आणि ते एकट्यानं नाही. एकाच ठिकाणची माती, तिचे सारखे वाटे करून वेगवेगळ्या देशांतल्या लॅबना दिले होते. सगळ्यांनी एकाच पद्धतीनं हळूहळू तापवायची आणि गॅस मोजायचा. संग्राम म्हणाला, म्हणजे मटणाचे वाटे घालतात तसं. मॅडम म्हणाल्या, अगदी तसं. "एकानं मोजलं तर ते त्याचं म्हणणं. सगळ्यांनी लांब लांब बसून मोजलं आणि तेच आलं, तर ती माहिती." जॉर्ज नाही, हान्स नाही, आमच्या कांबळे मॅडम, आणि एक वाटा कोल्हापूरला! आम्ही आठवडाभर हेच सांगत फिरत होतो. आणि ज्या लॅबचं मोजमाप नीट होईल, ती पुढच्या उन्हाळ्यात परत स्वालबार्डला. मॅडमना तिथं परत जायचं होतं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी स्वतःसाठी मागितलेली मी ऐकलीय. म्हणाल्या होत्या, "मागच्या वेळी धुकं होतं. ज्या डोंगराखालची माती आहे, तो डोंगर मला दिसलाच नाही."

पण गेल्या वर्षीचं लोडशेडिंग आठवतंय ना? डिपार्टमेंटचा डीपफ्रीज दिवसातनं कितीतरी तास बंद. जनरेटर होता, तो ऑफिसला. मॅडम दोन आठवडे बर्फाच्या लाद्या आणून फ्रीजमध्ये भरत होत्या. उत्तरेची माती वाचवायला शाहूपुरीच्या कारखान्यातला बर्फ!

तिथं आले सर्जेमामा.

सर्जेराव मामांचं आईस्क्रीमचं दुकान. मॅडम शनिवारी दुपारी तिथं कॉकटेल खातात, न चुकता, आणि दर शनिवारी तोच संवाद.

"मॅडम, चेरी घालू का?"

"ती चेरी नाही मामा. करवंद आहे. पाकात घालून रंगवलेलं."

"आवो, सगळं कोल्हापूर चेरी म्हणतंय."

"कोल्हापूर काहीही म्हणू दे. मला नको."

मामा मान हलवत लाल फळ डब्यात परत टाकायचे. वर्षानुवर्षं. त्यांनी कधी करवंद म्हटलं नाही, मॅडमनी कधी खाल्लं नाही.

मामांच्या दुकानाला स्वतःचा जनरेटर होता. त्यांना मातीचं कळलं तेव्हा ते मागं लागले. "मॅडम, आमच्या फ्रीजात ठेवा की! कुल्फी बी गार, माती बी गार. एक डबा ठेवायला काय जातंय?" मॅडमनी आधी चार दिवस त्या फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवून बघितला. पारा हलला नाही. मग नळ्यांचा पेटारा तिथं गेला. स्टीलचा, कुलूपवाला. मामांनी कुल्फीच्या साच्यांची एक बाजू रिकामी करून दिली आणि येईल त्याला सांगायचे, "पावणं, हळू बोला, आत नॉर्थ पोल हाय."

आणि आला दसरा.

दसऱ्याला मॅडम आबांना घेऊन नागपूरला जातात. दीक्षाभूमीला. आबा दर वर्षी जायचेच, आता वय झालं म्हणून मॅडम सोबत. त्यांच्या घरी दसरा म्हणजे तो. खंडेनवमीला हत्यारं धुणं, यंत्रांना हार घालणं हे त्यांच्यात नाही. आणि आमच्याकडं तर आदल्या दिवशी सायकलच्या पंपापासून गिरणीपर्यंत काही सुटत नाही. बरं, आम्ही वर्गात सगळे हे करणारे, पण कुणाच्या डोक्यात आलं नाही. ज्याचा रोजचा धंदा फ्रीजवर, तो खंडेनवमीला काय धुणार?

मॅडम परत आल्या, दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्यांच्याबरोबर पेटारा आणायला गेलो. मामा वाटच बघत होते.

"या मॅडम, या! ह्या खेपंला पयली पूजा तुमच्या डब्याची!"

फ्रीज नुसता चमकत होता. झेंडूचा हार. पेटाऱ्याच्या झाकणावर हळदीकुंकू, कडेला अक्षता चिकटलेल्या. मामा उत्साहानं सांगत होते, "सक्काळी सकाळी फ्रीज बंद केला. आतला बर्फ पाडला, सगळं पुसून काढलं. कुल्फी दिली गल्लीतल्या पोरास्नी वाटून. तुमचा डबा घासला चिंचंनं, ऊन दावलं जरा, मग पाटावर मांडून नारळ फोडला. शास्त्राचं काम हाय म्हटलं, व्यवस्थित व्हायला पायजे."

मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "डबा बाहेर किती वेळ होता मामा?"

"पूजा आटपून जेवणं हुईस्तवर. मग परत लावला की. आता बगा, दगडावानी झालंय."

मॅडम म्हणाल्या, "चांगली केली पूजा." आणि खुर्चीत बसल्या. "एक कॉकटेल द्या. चेरी नको."

डिपार्टमेंटमध्ये येऊन नळ्या काढल्या. आधी त्या मातीत बर्फाच्या बारीक शिरा दिसायच्या, थरावर थर, उजेडात चकाकायच्या. आता खाली चिखलाचा गोळा आणि वर स्वच्छ बर्फाची टोपी. पाणी सुटून वर आलेलं आणि तसंच परत गोठलेलं. तिकडं जे हळूहळू चाललंय, ते राजारामपुरीत एका सकाळी उरकलं होतं.

शेवटी संग्रामच. "मॅडम, परत गोठलंय की. वजन तेच, माती तीच. मोजूया. कुणाला कळणार हाय?"

मॅडम नळी फिरवत होत्या. "ही माती वितळल्यावर काय होतं, हेच मोजायचं होतं. ती आधीच वितळली. जिवाणू एकदा जेवून परत झोपलेत. आता मी मोजलं तर तो राजारामपुरीचा दसरा मोजल्यासारखं होईल. आणि खाली लिहावं लागेल स्वालबार्ड."

"मग लोडशेडिंगवर ढकला. सगळ्या जगाला म्हाईत हाय आमच्यात लाईट नसती."

"वीज त्या दिवशी होती, संग्राम."

मॅडम कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि आमच्यासमोरच नॉर्वेच्या बाईंना मेल लिहिला. त्या टीमच्या प्रमुख होत्या. चार ओळी. साफसफाई करताना नमुने अर्धा दिवस फ्रीजबाहेर राहिले, वितळले, कृपया आमचा वाटा धरू नये. चूक माझी, कारण फ्रीज कधी बंद होतो हे मी विचारून ठेवायला पाहिजे होतं. पूजेचं नाव नाही, मामांचं नाव नाही. मी म्हटलं, मॅडम, तुमची काय चूक? त्या म्हणाल्या, "आमच्यात यंत्रं धूत नाहीत. त्यांच्यात धुतात. हे दोन्ही माहीत असलेलं माणूस त्या व्यवहारात एकच होतं. मी."

उत्तर आलं, चांगल्या शब्दांत. कळवल्याबद्दल आभार, तुमचा वाटा वगळून पुढं जातो, आणि पुढच्या उन्हाळ्याची जागा दुसऱ्या लॅबला द्यावी लागेल. मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं, आमच्यासाठी मराठी केलं, मेल बंद केला आणि विचारलं, "आज ताटल्या कुणाच्या मोजायच्या राहिल्यात?"

हे झालं गेल्या वर्षीचं. मामांना आम्ही काही सांगितलं नाही. मॅडमनी सांगू नका असं म्हटलं नव्हतं, पण न म्हणताच ते ठरलं होतं. मामा आपले गिऱ्हाइकांना सांगतच होते, नॉर्थ पोल आमच्या फ्रीजात राहून गेला.

मग ह्या जूनमध्ये एका शनिवारी मी पण मॅडमबरोबर दुकानात होते. मामा ग्लास पुसत म्हणाले, "मॅडम, औंदा गेला न्हाईसा? पेपरात तर आलंय, तुमची मंडळी निगाली म्हून."

"औंदा दुसऱ्यांचा नंबर."

"का वो?"

आणि कांबळे मॅडम, ज्यांनी भरल्या मांडवात फेटा घालून स्वतःचा ध्रुव खाली उतरवला, त्या म्हणाल्या, "माझं काम वेळेत झालं नाही, मामा."

खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं, काम झालं नव्हतंच. पण मॅडमच्या तोंडून निम्मं वाक्य मी तेवढं एकच ऐकलंय. मामा ग्लास पुसत राहिले. तो कोरडा झाला होता, तरी पुसत राहिले. मग फ्रीजकडं बघितलं. मग मॅडमकडं. "हां," म्हणाले फक्त. त्या दिवशी चेरी घालू का, हे विचारलं नाही.

आणि आता आजचं! ह्यासाठी तर एवढं टाईप केलं!

आज खंडेनवमी. ह्या वर्षी आबांचे गुडघे धरलेत, त्यामुळं नागपूर रद्द. मॅडम आबांना घेऊन कोल्हापुरातच. मी पाच मिनिटं म्हणून दुकानात गेलते तर हे दोघं बसलेले. दुकान सगळं सजलेलं. मिक्सरला हार, गल्ल्याला हार, वजनकाट्याला, जनरेटरला, मामांच्या स्कूटरला, आईस्क्रीम काढायच्या चमच्यालासुद्धा झेंडूचं एक फूल दोऱ्यानं बांधलेलं. आणि मधोमध तो डीपफ्रीज. त्याला काहीच नाही. हळद नाही, फूल नाही. नुसता घुर्र्र आवाज करत चालू.

आबांच्या नजरेत आलंच. "सर्जेराव, ह्या फ्रीजनं काय पाप केलंय? त्याला का न्हाई हार?"

मामा पाठमोरे होते, फळं कापत. म्हणाले, "आबा, त्याला सुट्टी न्हाई. त्यो कामावर हाय."

आत काय होतं? कुल्फी. दुसरं काही नाही. माती कधीच गेली, हे सगळ्यांना माहीत. तरी कामावर.

मी मॅडमकडं बघितलं. त्या फ्रीजकडं बघत होत्या, नळीकडं बघतात तशा, वरपासून खालपर्यंत. मामांनी आमचे तीन ग्लास भरले, लाल फळांचा डबा उघडला, आणि मॅडमकडं न बघता विचारलं, "मॅडम, करवंद घालू का?"

करवंद! मामा म्हणाले करवंद!

मॅडमनी पदर सावरला. म्हणाल्या, "घाला मामा. आज चेरी घाला."

मामांनी घातली. मॅडमनी ती आधी खाल्ली, आईस्क्रीमच्या अगोदर. मी पैसे देऊन बाहेर पडले तेव्हा आबा विचारत होते, "गोड हाय का?" आणि मॅडम नेहमीच्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगत होत्या, "नाही आबा. रंगाची चव लागते."

लाईट जायला आली, म्हणून पटकन विचारते. तुमच्यात झालंय का असं कधी? एकाचं नुकसान दुसऱ्याच्या हातनं झालं, दोघांनाही ते माहीत आहे, आणि वर्षभर दोघंही फक्त आईस्क्रीमबद्दल बोलतात? झालं असलं तर खाली लिहा. आणि ज्यांच्या दुकानात, घरात, लॅबमध्ये आज एखादं यंत्र बिनहाराचं चालू आहे, त्यांनी तर नक्की लि